खडकाच्या पोटातलं डिझेल

जमिनीत मुरलेलं डिझेल मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर दिसतं, ऑगस्टमध्ये नाहीसं होतं आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा हजर होतं. मधल्या काळात कुणी एक थेंबही नव्याने सांडलेला नसतो. गळकी टाकी काढून टाकलेली असते आणि लोकांनी विषय संपला असं मानलेलं असतं. तरीही उन्हाळा आला की पाण्यावर तोच इंद्रधनुषी तवंग आणि तोच वास. यात चमत्कार काही नाही. आपल्या पायाखालच्या खडकाची घडण, पाण्याचा वर्षभराचा चढउतार आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची भूक, या तिन्हींचा तो खेळ आहे. भूमसारख्या विहिरी-बोअरच्या भरवशावर जगणाऱ्या तालुक्यात तो समजून घेण्यासारखा आहे.

जमिनीत गळणाऱ्या तेलाची डोकेदुखी फक्त आपली नाही. थंड देशांत घर उबदार ठेवायला तेल जाळतात. रसायन म्हणून पाहिलं तर ते जवळजवळ डिझेलच. त्यावर रस्त्यावरच्या डिझेलचा कर नसतो, म्हणून चोरी ओळखता यावी यासाठी अमेरिकेत ते लाल रंगवतात. न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय चांगला ठाऊक असतो. सौदा पक्का करण्याआधी अंगणात तेलाची जुनी लोखंडी टाकी पुरलेली नाही ना, हे धातुशोधक यंत्राने पाहून घेतात. कारण टाकी गंजून गळली असेल, तर खालची माती आणि पाणी साफ करण्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

भूममध्ये घर तापवायला तेल कुणी जाळत नाही. पण डिझेल आहेच. पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या आहेत, बोअरच्या गाड्या आहेत, ट्रॅक्टर आहेत, जनरेटर आहेत, गॅरेजमागे ओतलेलं काळं ऑइल आहे. वीज शिवारात पोचण्याआधी, आणि पोचल्यावरही कित्येक वर्षं, मराठवाड्यातल्या विहिरींवर ऑइल इंजिनांचा ठकठकाट चालू असायचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ सालची. पाणी खोल गेलं की इंजिन काठावरून विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवायचे, म्हणजे डिझेलचा कॅन थेट पाण्याच्या डोक्यावर. त्या विहिरींवरचा तवंग अनेकांनी लहानपणी पाहिला असेल.

तो तवंग किती पातळ असतो? रंग दिसू लागतात तेव्हा थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्शाएवढी असू शकते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच नियमाने हे रंग दिसतात: थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. एवढ्या पातळ थरात एक लिटर डिझेल तीन हजार चौरस मीटरहून जास्त पाणी झाकू शकतं, म्हणजे एकराच्या पाऊण भागाहून अधिक. म्हणून तवंग दिसला याचा अर्थ विहिरीत बादलीभर तेल आहे असा होत नाही. उलटही खरं आहे: तवंग नाही म्हणून पाणी शुद्ध, असंही नाही.

वरून खाली

भूम तालुका बालाघाटच्या पठारावर आहे. बाणगंगेचं पाणी सीनेकडे जातं आणि पुढे भीमेला मिळतं. पठाराचा सगळा देह बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्यांनी झाकला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल वेधन केलं, तेव्हा तिथे या थरांची एकूण जाडी सुमारे ३४० मीटर भरली.

विहीर खणणाऱ्या माणसाला हे थर पुस्तकाशिवाय पाठ असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग बारीक भोकांचा मांजऱ्या, मग टणक काळा पाषाण. कुठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागतो. पाणी मुरमात आणि मांजऱ्यात असतं. पाषाणात ते फक्त भेगांतून चालतं.

आता या जमिनीवर डिझेल सांडलं असं समजा. पावसाळ्यात काळी माती फुगलेली असते, भेगा मिटलेल्या असतात, त्यामुळे तेल बराच वेळ वरच राहतं. एप्रिल-मेमध्ये मात्र याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तेल सरळ मुरमात उतरतं. तिथून ते खाली जात राहतं, पण सगळं नाही. मुरमाच्या प्रत्येक कणाला, मांजऱ्याच्या प्रत्येक छिद्राला थोडं थोडं चिकटत जातं. भूमला खव्याच्या भट्ट्या घरोघरच्या परिचयाच्या. कढई कितीही खरडली तरी तळाला एक पातळ थर राहतो, उलथन्याने निघत नाही. जमिनीतही तसा थर राहतो, आणि कुठल्याही पंपाने तो निघत नाही. सांडलेलं तेल कमी असेल तर ते असंच वाटेत चिकटून संपतं, पाण्यापर्यंत पोचतच नाही. जास्त असेल तर भूजलाच्या पातळीला जाऊन टेकतं.

तिथे ते थांबतं, कारण ते हलकं आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. एक लिटर डिझेलचं साधारण ८३० ग्रॅम, पेट्रोलचं त्याहून कमी. म्हणून ते बुडत नाही, भूजलाच्या माथ्यावर पसरतं आणि पाण्याच्या उताराच्या दिशेने सरकू लागतं.

आणि इथेच मे-ऑगस्टचं कोडं सुटतं. आपल्याकडे विहिरीच्या पावसाळ्यानंतरच्या आणि मे महिन्यातल्या पातळीत कित्येक मीटरचा फरक पडतो. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तसं तरंगणारं तेलही खाली जातं आणि जाताना मधल्या सगळ्या खडकाला माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढतं, पण माखलेलं तेल त्याच्याबरोबर चढू शकत नाही. ते पाण्याखालीच छिद्रांत अडकून बसतं. विहिरीत पाहिलं तर पाणी स्वच्छ. पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अडकलेलं तेल सुटं होतं आणि पाझरत विहिरीत येतं. म्हणून पावसाळ्यातल्या एका चांगल्या अहवालावर विसंबून चालत नाही. आपल्या हवामानात जमिनीखालचं तेल वर्षाच्या चारही कोपऱ्यांतून पाहावं लागतं.

दिसतं त्याहून न दिसणारं

तरंगणारं तेल दिसतं, वास देतं, लोक सावध होतात. खरी काळजी त्यातून पाण्यात विरघळणाऱ्या अंशाची. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. कॅन्सरशी त्याचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. भारतात पेट्रोलमधल्या बेंझीनवर १ टक्क्याची मर्यादा आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या एक लिटर पाण्यात ते १० मायक्रोग्रॅमच्या वर नको. हिशेब करून पाहा. एक लिटर पेट्रोलमधलं १ टक्का बेंझीन म्हणजे सुमारे पावणेनऊ ग्रॅम. ते सगळं पाण्यात उतरलं, तर कागदावर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत जातं. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १० मीटर पाणी असेल, तर अशा तीन विहिरी. प्रत्यक्षात बरंचसं बेंझीन हवेत उडून जातं, काही जिवाणू खातात, पण आकड्याचा आवाका लक्षात यावा. डिझेलमध्ये बेंझीन फार कमी. डिझेल पेट्रोलहून जड असतं, कमी विरघळतं, मात्र जास्त टिकतं.

आणि गळती लहान दिसते म्हणून लहान नसते. सेकंदाला एक थेंब गळणारा जोड दिवसाला चार लिटरच्या वर आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर तेल जमिनीला देतो.

महाराष्ट्राने याची मोठी झलक जानेवारी २०२१ मध्ये पाहिली. हिंदुस्थान पेट्रोलियमची इंधनवाहिनी मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरकडे जाते. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात, सासवड गावाच्या शिवारात चोरट्यांनी ती फोडली. पेट्रोल जमिनीत मुरलं, विहिरींत उतरलं, उभी पिकं जळाली. तिथला खडकही भूमसारखाच, बेसाल्ट. गोव्यात दाबोळीजवळच्या माटवे भागात ऑगस्ट २०२३ मध्ये जमिनीखालच्या वाहिनीतून झिरपलेलं इंधन विहिरींत आलं आणि विहिरीने पेट घेतला. तिथला खडक जांभा, सच्छिद्र, पावसाने भिजलेला.

खडक बदलला की तपासाची रीत बदलते. वाळूत किंवा जांभ्यात तेल एका पट्ट्याने पसरतं, त्याची हद्द बऱ्यापैकी आखता येते. बेसाल्टमध्ये ते भेगेची वाट धरतं. शेजारची विहीर कोरी आणि तीन शेतं पलीकडच्या विहिरीला वास, असं होऊ शकतं. त्यात आपण जमिनीला पाडलेली भोकं. बोअरला केसिंग सहसा मुरूम संपेपर्यंतच घालतात. खाली शेकडो फूट नुसता उघडा खडक. वरच्या थरातलं दूषित पाणी या भोकातून, एरवी कधी पोचलं नसतं अशा खालच्या थरात उतरतं. मोटर जोरात चालवली की आजूबाजूचं पाणी त्या बोअरकडे ओढलं जातं, आणि पाण्याबरोबर त्यातलं तेलही.

जमिनीखाली पाहायचं कसं

भूजल कुठे वाहतं हे शोधायला तीन भोकं पुरतात. एका रेषेत नसलेल्या तीन ठिकाणी निरीक्षण विहिरी घ्यायच्या, तिन्हींतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजायची. तीन उंच्या मिळाल्या की त्यांमधून जाणारा एकच उतार निघतो. तीच पाण्याची दिशा. ही शाळेतली भूमिती आहे. मग गळतीच्या वरच्या अंगाला एक विहीर घेतात, म्हणजे मूळचं पाणी कसं आहे ते कळतं, आणि खालच्या अंगाला ओळीने काही, म्हणजे दूषण कुठवर आलंय ते कळतं. बेसाल्टमध्ये भेगांमुळे हा हिशेब चुकू शकतो, म्हणून भोकं जास्त लागतात.

या निरीक्षण विहिरींची एक खुबी आहे. बारीक फटी असलेला पाइप पाण्याच्या पातळीच्या खालीही असावा लागतो आणि वरही. फटी फक्त पाण्याखाली ठेवल्या, तर वर तरंगणारं तेल आत येणारच नाही आणि विहीर कायम निर्दोष दिसेल. आत सोडायचा मापक तेलाला लागला की एक आवाज करतो, पाण्याला लागला की दुसरा. दोन्हींमधलं अंतर म्हणजे तेलाची जाडी. नमुना घ्यायचा तो छोट्या काचेच्या कुपीत, काठोकाठ, आत हवेचा एकही बुडबुडा न ठेवता, आणि बर्फात घालून न्यायचा. बुडबुडा राहिला तर बेंझीन पाणी सोडून त्यात शिरतं आणि प्रयोगशाळेला खोटं चांगलं पाणी मिळतं.

महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना. टँकर कुठे लागणार याचा अंदाज त्या आकड्यांवरून बांधतात. तेलाचा माग काढणाऱ्यालाही हीच नोंद सोन्याच्या मोलाची, कारण पाणी केव्हा किती खाली जातं हे तिच्यात आहे. मात्र पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सहसा क्षार, नायट्रेट, फ्लोराइड पाहतात. बेंझीन त्यात सापडत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि ती तपासणी मुद्दाम सांगून करून घ्यावी लागते.

जमिनीतले कामगार

सफाईची पहिली पायरी सोपी: गळती बंद करा, तेल भरलेली माती उपसा, तरंगणारं तेल पंपाने काढा. उपसलेली माती प्लास्टिकच्या जाड कागदावर ढीग करून, ओली ठेवून, अधूनमधून चाळवत, थोडं नत्र-स्फुरद देऊन महिनोन्‌महिने ठेवली की तिच्यातलं तेल घटत जातं. नत्र-स्फुरद म्हणजे आपल्या ओळखीची खतंच, आणि ती द्यायची पिकाला नव्हे, जिवाणूंना. डिझेल म्हणजे शेवटी कार्बन आणि हायड्रोजन. बऱ्याच जिवाणूंना ते चालतं. कोट्यवधी वर्षांपासून खनिज तेल जमिनीतून झिरपत आलंय आणि त्याला खाणारेही तेव्हापासून आहेत. ‘टेरी’ या संस्थेने अशाच जिवाणूंची ‘ऑइलझॅपर’ नावाची पूड तयार केली आणि ती देशात तेल सांडलेल्या अनेक जागी वापरली गेली.

मग हे जिवाणू खडकातलं तेल भराभर का संपवत नाहीत? त्यांना श्वास पुरत नाही. एक लिटर डिझेल पूर्ण पचवायला सुमारे पावणेतीन किलो ऑक्सिजन लागतो. एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर डिझेलसाठी सुमारे साडेतीन लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. तेवढाच ऑक्सिजन अवघ्या १० घनमीटर हवेत असतो, एका लहान खोलीच्या अर्ध्याहून कमी जागेत. म्हणूनच सफाई करणारे अभियंते जमिनीत औषध ओतण्यापेक्षा हवा फुंकतात. पाइपांतून हळूहळू हवा सोडायची आणि जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं.

हवा नाही मिळाली तरी ते पुरते थांबत नाहीत. ऑक्सिजन संपला की नायट्रेटवर श्वास घेतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार होऊ लागतो. ही क्रमवारी इतकी ठरलेली आहे की पाण्याच्या अहवालावरून तेल किती दूर आहे याचा अंदाज येतो. मराठवाड्यात खताने आणि शेणमुताने कित्येक विहिरींत नायट्रेट वाढलेलं असतं. अशा विहिरीत ते अचानक घसरलं, लोह वाढलं आणि पाण्याला वास येऊ लागला, तर आनंद मानायची घाई नको. खाली कुणीतरी तेल खातंय.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी वाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. बरंच गोळा झालं. लाखो लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून शास्त्रज्ञ त्या जागेचा अभ्यास करत आले आहेत. तिथे दिसून आलं ते असं: विरघळलेलं दूषण काही अंतर जाऊन जवळपास थांबलं, कारण पुढे सरकणारं बेंझीन आणि त्याला खाणारे जिवाणू यांचा हिशेब बरोबरीत आला. पण मधलं तेल कित्येक दशकांनंतरही आहे. निसर्ग सफाई करतो, त्याच्या वेगाने. आपलं भूजल मिनेसोटाहून बरंच उबदार, आणि दर १० अंशांनी जिवाणूंचा वेग साधारण दुप्पट होतो. हे आपल्या बाजूचं. विरुद्ध बाजूला पाषाणाच्या भेगा, जिथे जिवाणूंना वसायला जागा थोडी आणि पाण्याला पळायला वाट मोकळी.

एक नवी गोष्ट या हिशेबात आली आहे, आणि ती उसाच्या पट्ट्यातूनच आली आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं बरंच साखर कारखान्यांचं. जमिनीत असं पेट्रोल गळलं तर जिवाणू आधी इथेनॉलवर तुटून पडतात, कारण ते पचायला सोपं. त्या मेजवानीत जवळचा ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन तसंच मागे राहून जास्त दूर जातं. इंधन हिरवं झालं तरी गळती हिरवी होत नाही.

काय करावं

सगळा हिशेब मांडला तर उत्तर एकच येतं: सफाईचा सगळ्यात स्वस्त टप्पा टाकीत आहे, खडकात नाही. पेट्रोल पंपावर रोज टाकीची डिप घेतात, म्हणजे रॉड बुडवून साठा मोजतात, रॉडला पेस्ट लावून तळाशी पाणी आहे का ते पाहतात, विक्रीशी साठा ताडतात. रोज थोडा थोडा साठा कमी भरत असेल, किंवा टाकीत पाणी शिरत असेल, तर टाकीला भोक असण्याची शंका घ्यायला हवी; पाणी आत येतं त्याच वाटेने तेल बाहेर जातं. ही पाच मिनिटांची नोंद मन लावून ठेवणं हे पुढच्या वीस वर्षांच्या निरीक्षण विहिरींपेक्षा स्वस्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, दवाखाने, वस्ती यांपासून ५० मीटर अंतराचा नियम घातला. टाक्यांचे परवाने आणि सुरक्षा पाहणारी ‘पेसो’ ही केंद्राची संस्था, तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पण रोजची डिप नागपूरहून कुणी घेऊ शकत नाही.

आणि तुमच्या विहिरीवर तवंग दिसला तर? आधी काडीने तो फोडून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले, तर ती बहुधा लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची निरुपद्रवी साय. फुटून पुन्हा एकत्र आला आणि वासही असेल, तर तेल समजा. मग विडी-काडी लांब ठेवा, विहिरीत कुणी उतरू नका, मोटर चालू करू नका. ठिणगी पडू शकते आणि तेल आणखी ओढलं जाईल. ते पाणी उकळून पिऊ नका, कारण बेंझीन उडून स्वयंपाकघराच्या हवेत येतं. ग्रामपंचायतीला, तहसीलला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, तारखेसह. बेंझीनची तपासणी नाव घेऊन मागा. आणि एकदा पाणी चांगलं आलं म्हणून थांबू नका; पुढच्या मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, पुन्हा नमुना द्या.